सात फुटी टाकी, चौथा मजला: काच की अ‍ॅक्रिलिक?

ठाण्यातल्या एका सोसायटीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉल आणि डायनिंगच्या मध्ये पार्टिशनसारखी, दोन्ही बाजूंनी मासे दिसतील अशी टाकी हवी होती: सात फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. मासेही ठरलेले होते. तीन ऑस्कर, चार सिल्व्हर शार्क आणि एक मोठा प्लेको. घरात पाच वर्षांचा मुलगा, आणि टाकीची देखभाल करणार सत्तरी ओलांडलेले आजोबा.

घरच्यांचा कल अ‍ॅक्रिलिककडे होता. हे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक हलकं असतं, सहजासहजी फुटत नाही आणि काचेसारखी हिरवट झाक त्याला नसते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही टाकी काचेची झाली. कारण प्रश्न काच चांगली की अ‍ॅक्रिलिक चांगलं, एवढाच नव्हता. टाकी घरात कुठून शिरणार, तिचे सांधे कोण भरणार आणि दर आठवड्याला ती कोण आणि कशाने पुसणार, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तेव्हा निर्णय झाला.

वजनाचा हिशेब

१५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला साडेसदतीस किलो भरतं. २० मिमी अ‍ॅक्रिलिकचं पावणेचोवीसच्या आसपास. या मापाची टाकी १५ मिमी काचेत, वरच्या पट्ट्या धरून, साधारण २२० किलोची होते. अ‍ॅक्रिलिकमध्ये २० मिमी शीट आणि वरची अखंड चौकट धरली तर दीडशे किलो. ‘अ‍ॅक्रिलिक काचेच्या निम्म्या वजनाचं’ असं जे म्हणतात ते तेवढ्याच जाडीला लागू पडतं. प्रत्यक्षात अ‍ॅक्रिलिक जाड घ्यावं लागतं, त्यामुळे फरक निम्मा उरत नाही. इथे तो सत्तर किलो निघाला.

आता पाणी. आतली लांबी २१० सेंमी, रुंदी ५८ आणि पाण्याची उंची ७० सेंमी धरली तर ८५० लिटर, म्हणजे ८५० किलो. लोखंडी स्टँड, प्लायवूड, वाळू-दगड आणि फिल्टर मिळवले की काचेची भरलेली टाकी साडेबाराशे किलोच्या घरात जाते. अ‍ॅक्रिलिकची बाराशेच्या जरा खाली. स्लॅबच्या दृष्टीने या दोन्हींत काहीच फरक नाही. साडेबाराशे किलो सव्वा चौरस मीटरवर उभे राहणार, म्हणजे चौरस मीटरला साडेनऊशे किलोच्या वर. आपल्याकडच्या आयएस ८७५ (भाग २) या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीच्या फरशीसाठी २ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात. तो आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे ‘पाचपट झालं, आता स्लॅब कोसळणार’ असा सरळ अर्थ काढता येत नाही. पण स्ट्रक्चरल इंजिनीअरला न दाखवता एवढी टाकी वरच्या मजल्यावर ठेवू नये, इतकं नक्की.

इंजिनीअरने इमारतीचे नकाशे पाहिले आणि पार्टिशनची जागा साफ नाकारली, कारण ती बरोबर स्लॅबच्या मधोमध येत होती. त्याऐवजी भिंतीलगतची, खाली बीम असलेली जागा दिली. या एका निर्णयाने पुढचं बरंच बदललं. टाकी आता समोरूनच दिसणार होती. मागच्या काचेला बाहेरून काळा रंग लागणार होता. चारही बाजूंनी आरपार दिसणं हा अ‍ॅक्रिलिकचा मोठा गुण, आणि इथे त्याचा उपयोगच उरला नाही.

जाडी आणि ताकद

काचवाल्याचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: “साहेब, बारा एमएममध्ये आरामात होईल.” आरामात होत नाही. समोरच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा किती, हे लांबी आणि पाण्याच्या उंचीवरून निघतं. टाकी दोन फूट रुंद असो की चार फूट, त्याने फरक पडत नाही. २१० सेंमी लांबी आणि ७० सेंमी पाणी म्हणजे समोरच्या एका काचेवर पाचशे किलोच्या वर रेटा, चोवीस तास, वर्षानुवर्षं.

टाक्यांसाठीच्या रूढ हिशेबात काचेची ताण सहन करायची ताकद चौरस मिलिमीटरला १९.२ न्यूटन धरतात आणि त्यावर ३.८ पट सुरक्षितता मागतात, म्हणजे ही ताकद प्रत्यक्ष येणाऱ्या ताणाच्या ३.८ पट हवी. वरची कड मोकळी धरून हिशेब केला तर १२ मिमीला जेमतेम २.२ पट मिळते, १५ मिमीला ३.४ आणि १९ मिमीला ५.४. १५ मिमीला वरून लांब पट्ट्या आणि दोन आडव्या पट्ट्या दिल्या की कड मोकळी राहत नाही, आणि ३.८ची मर्यादा ओलांडता येते. १९ मिमी घेतली असती तर पट्ट्यांशिवाय चाललं असतं, पण समोरची एकटी काच पंचाहत्तर किलोची झाली असती आणि ती जिन्यातून न्यायची होती.

एवढी पट कशाला, असं वाटणं साहजिक आहे. काच वाकून इशारा देत नाही. कडेला नखाएवढी टवकी उडालेली असली तर सगळा ताण तिथे गोळा होतो, आणि सहा महिने गपगुमान उभी असलेली काच एका रात्री तडकते. म्हणूनच जाडीइतकाच कडांच्या मशीन पॉलिशचा आग्रह धरावा. इथे पाचही काचांच्या कडा पॉलिश करून घेतल्या. मागच्या काचेच्या एका कोपऱ्याला टवका दिसला तेव्हा ती काच परत पाठवली.

टफन, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली काच घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. गरज नाही. टफन केल्यावर काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर एका क्षणात सगळीच्या सगळी फुटून ८५० लिटर पाणी हॉलमध्ये येतं. साध्या काचेला तडा गेला तर बहुतेक वेळा पाणी झिरपायला लागतं आणि टाकी रिकामी करायला थोडा वेळ मिळतो.

अ‍ॅक्रिलिकचा हिशेब वेगळा. ते काचेपेक्षा वीस-बावीस पट लवचिक. वरची कड मोकळी धरली तर १५ मिमी काच या दाबाखाली मधोमध अर्धा मिलिमीटर झुकते. २० मिमी अ‍ॅक्रिलिक साडेचार-पाच मिलिमीटर पुढे येतं, आणि वर्षं जातील तसा हा फुगवटा थोडा वाढतो. हा दोष नव्हे, तो त्या मालाचा स्वभाव आहे. म्हणून अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला वरून अखंड शीटमधून कापलेली चौकट लागते, हात घालायला दोन-तीन खिडक्या ठेवून. ती चौकट काढून टाका किंवा खिडक्या मोठ्या करा, असा हट्ट गिऱ्हाईक करतं आणि कारागीर ऐकतो, तिथे पुढच्या बिघाडाला सुरुवात होते.

आणि अ‍ॅक्रिलिक अभेद्य आहे असंही नाही. बर्लिनमधला अ‍ॅक्वाडोम हा अ‍ॅक्रिलिकचा प्रचंड दंडगोल १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटला आणि सुमारे दहा लाख लिटर पाणी हॉटेलभर पसरलं. तज्ज्ञांच्या तपासात ठाम असं एक कारण हाती आलं नाही. ज्या शक्यता पुढे आल्या त्यांत चिकटवलेल्या सांध्याचा समावेश होता. अ‍ॅक्रिलिकच्या टाकीत माल सहसा दगा देत नाही, सांधा देतो.

जिना

वजनाचा खरा प्रश्न फरशीवर नव्हता, जिन्यात होता. सोसायटीच्या लिफ्टमध्ये सात फुटी वस्तू मावत नाही. जिना साडेतीन फुटी, दर अर्ध्या मजल्यावर उलट वळण. २१३ × ६१ × ७६ सेंमीचा, दीडशे किलोचा तयार खोका त्या वळणावर आडवा फिरत नाही, आणि उभा केला तर वरच्या जिन्याची स्लॅब आड येते. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका करून तो जिन्यातून नेऊन पाहिला. दुसऱ्या वळणावर अडकला. ही चाचणी फुकट होते आणि ऑर्डर देण्याआधी प्रत्येकाने करावी.

अ‍ॅक्रिलिक घरात आणून जोडता येत नाही का? चांगलं जोडता येत नाही. त्याच्या कडा राउटरवर, म्हणजे कडा तासायच्या यंत्रावर, एकसंध सपाट कराव्या लागतात, पत्रे शिकंजात धरून, बारीक पिना मध्ये ठेवून सॉल्व्हंट (कडा विरघळवून जोडणारा द्रव) सोडावं लागतं, पिना योग्य वेळी ओढाव्या लागतात, आणि त्या जागी धूळ नको, वारा नको. हे काम कारखान्यातलं आहे. आपल्याकडे अ‍ॅक्रिलिकचं काम करणारे बहुतेक कारागीर साइनबोर्ड आणि डिस्प्लेच्या धंद्यातले. ते क्लोरोफॉर्मने सांधे भरतात. डिस्प्लेच्या डबीला ते पुरतं, पाचशे किलोच्या रेट्याला नाही. त्यात लेझरने कापलेली कड तशीच चिकटवली, तर उष्णतेने कडेत साठलेला ताण आणि सॉल्व्हंट मिळून सांध्यापाशी केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उठतं. कधी लगेच, कधी पाणी भरल्यावर महिन्यांनी. टाकीसाठी शीटही कास्टच, म्हणजे साच्यात ओतून केलेली हवी. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, स्वस्त पडते, पण सॉल्व्हंट लागलं की ती लवकर भेगाळते. कोटेशनवर ‘कास्ट’ हा शब्द लिहून घेतलाच पाहिजे.

मग उरला गॅलरीतून दोरखंडाने किंवा क्रेनने वर घेण्याचा मार्ग. त्यासाठी गॅलरीचं ग्रिल कापावं लागणार होतं आणि सोसायटीची परवानगी लागणार होती. अ‍ॅक्रिलिकचं कोटेशन आधीच काचेच्या दुपटीहून वर गेलेलं, त्यात ही भर.

काच मात्र पाच सुट्या तुकड्यांत वर गेली. सर्वांत जड तुकडा साठ किलोचा. तो चौघांनी व्हॅक्यूम कप लावून, उभा धरून नेला.

पुसणार कोण

ऑस्कर दगड ढकलतात आणि वाळू उकरतात. घाबरला की सिल्व्हर शार्क सुसाट सुटतो आणि टाकीवर आदळतो. प्लेको रात्रभर भिंती खरवडत असतो. अशा टाकीत समोरच्या भिंतीला वाळू घासणारच. काचेला त्याने फारसं होत नाही. अ‍ॅक्रिलिकवर वर्षभरात धुकटपणा येतो.

त्यात पाणी. या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि टँकरचं पाणी बरेचदा बोअरचं, जड. पाण्याच्या रेषेवर क्षारांची पांढरी पट्टी धरते. काचेवर ती व्हिनेगर लावून पंधरा मिनिटं ठेवली की स्टीलच्या पात्याने सरळ निघते. अ‍ॅक्रिलिकला पातं लावताच येत नाही. प्लास्टिकचं कार्ड, मऊ कापड आणि सबुरी, एवढंच. काच पुसायचे निळे स्प्रे, स्पिरिट, थिनर यांपैकी काहीही अ‍ॅक्रिलिकवर चालत नाही. त्यातल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने भेगा पडतात. आजोबांचा हात पात्याचा होता. दर रविवारी त्यांनी पातं बाजूला ठेवून कार्ड घ्यावं, आणि घरकामाच्या बाईंनी चुकूनही स्प्रे मारू नये, अशी पाच-दहा वर्षं घर चालवणं व्यवहारात जमत नाही.

अ‍ॅक्रिलिकच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यावरचा ओरखडा काढता येतो. १५०० नंबरपासून १२००० पर्यंतचे मायक्रोमेश, म्हणजे बारीक पॉलिशचे कागद क्रमाने, ओले करून फिरवले की पृष्ठभाग पुन्हा आरसा होतो, आणि हे पाणी भरलेल्या टाकीतही करता येतं. काचेवरचा खोल ओरखडा कायमचा. ज्याला हे काम मनापासून आवडतं आणि वेळ आहे, त्याच्यासाठी हा मुद्दा पारडं फिरवू शकतो.

अ‍ॅक्रिलिक उष्णता धरून ठेवतं, हा गुण म्हणून सांगितला जातो. थंड देशात हीटरची वीज वाचते, तिथे तो गुणच. ठाण्यात मे महिन्यात पाणी तापतं, ही अडचण. इथे पाणी थंड राहतं ते मुख्यतः वरून वाफ होऊन, आणि अ‍ॅक्रिलिकची वरची चौकट नेमका तोच मार्ग अरुंद करते.

रंगाचा प्रश्न समोरच्या एका काचेपुरता एक्स्ट्रा क्लिअर, म्हणजे कमी लोहाची काच घेऊन सुटला. १५ मिमीच्या साध्या काचेतून प्रकाश ८५ टक्क्यांच्या खाली जातो आणि हिरवी झाक दिसते. एक्स्ट्रा क्लिअरमधून नव्वदच्या आसपास. अ‍ॅक्रिलिकचा आकडा ९२. फरक उरतो, पण शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो डोळ्यांना कळत नाही. बाकीच्या चार काचा साध्या.

मुलाचं काय? या एका मुद्द्यावर अ‍ॅक्रिलिक निर्विवाद सरस आहे, बॅटचा किंवा चेंडूचा फटका ते कितीतरी पट झेलतं. काच घ्यायची म्हणून स्टँड ७५ सेंमी उंच ठेवला, पुढे पाय पसरून बसता येणार नाही असा एक फूट रुंद ओटा केला, आणि हॉलमध्ये क्रिकेट बंद. शेवटची अट घरच्यांनी लिहून दिल्यासारखी मान्य केली, तेव्हाच ऑर्डर गेली.

जोडणी, आणि तिथे झालेली चूक

मापं अशी: तळ २१३० × ६१० मिमी, समोरची व मागची काच २१३० × ७४५, बाजूच्या दोन ५७६ × ७४५. चारही भिंती तळावर उभ्या, बाजूच्या काचा पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये, प्रत्येक सांध्यात २ मिमी फट. फट राखायला २ मिमीचे प्लास्टिकचे स्पेसर. काच दाबून सगळं सिलिकॉन बाहेर काढलं की सांधा घट्ट होतो, हा गैरसमज आहे. सिलिकॉनचा थर जागेवर राहिला पाहिजे, तोच रबरासारखा ताण घेतो.

स्टँड दोन इंची एमएस (माइल्ड स्टील) चौकोनी पाइपचा, सहा पायांचा. वर १८ मिमी मरीन प्लाय, त्यावर १२ मिमी थर्मोकोल. सात फुटांत लेव्हलचा फरक ३ मिमीच्या आत. टाकी स्टँडवरच जोडली, म्हणजे नंतर उचलायला नको.

सिलिकॉन अ‍ॅसिटिक प्रकारचं, व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमचं ‘अँटी-फंगल’ सिलिकॉन माशांना मारतं, आणि दुकानात दोन्ही नळ्या शेजारीच असतात. सांधे आणि आतला कोपऱ्याचा थर मिळून तीन ट्यूब पुरतात, पाच आणल्या. सांध्याच्या कडा अ‍ॅसिटोनने पुसल्यावर त्यांना बोटही लावायचं नाही.

चूक झाली ती ट्यूब बदलताना. उजव्या बाजूच्या काचेचा खालचा सांधा भरताना पहिली ट्यूब संपली. दुसरीचं तोंड कापून ठेवलेलं नव्हतं. कात्री शोधण्यात, नोझल बसवण्यात आठ-दहा मिनिटं गेली आणि तोवर आधीच्या सिलिकॉनवर साय धरली. त्यावर काच टेकवली. दुसऱ्या दिवशी टॉर्च तिरका धरून पाहिलं तेव्हा काळ्या सांध्यात चार सेंटिमीटर लांब चंदेरी रेघ चमकत होती. जिथे सिलिकॉन काचेला चिकटलेलं असतं तिथे सांधा सलग काळा दिसतो. जिथे हवा अडकलेली असते तिथे चांदी दिसते.

कारागिराचं म्हणणं, आतून जाड थर मारू, पाणी येणार नाही. पाणी कदाचित आलं नसतंही. पण जुन्या वाळलेल्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही, आणि आतला थर हा पाणी अडवण्यासाठी असतो, भार घेण्यासाठी नसतो. ती सोळा किलोची बाजूची काच तीनही सांध्यांतून पात्याने कापून मोकळी केली, जुनं सिलिकॉन रेझरने शेवटच्या कणापर्यंत खरवडलं, अ‍ॅसिटोनने पुसलं आणि पुन्हा बसवली. या वेळी सगळ्या ट्यूबची तोंडं आधी कापून ठेवली. काम आठवड्याने लांबलं.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने, बाहेरून आत, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर या गतीने पिकतं. १५ मिमीच्या सांध्याला दोन आठवडे दिले. लांब पट्ट्या १० सेंमी रुंद, काठापासून थोड्या खाली, आणि दोन आडव्या पट्ट्या लांबीच्या तिसऱ्या भागांवर. पाणी तीन टप्प्यांत भरलं: एक तृतीयांश भरून एक दिवस, दोन तृतीयांश भरून एक दिवस, पूर्ण भरून तीन दिवस. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, कारण ओल आधी कागदावर दिसते. समोर दोरा ताणून फुगवटा मोजला, तो अर्ध्या मिलिमीटरच्या आतच होता.

उलट निर्णय कुठे झाला असता

हीच टाकी तळमजल्याच्या बंगल्यात, मोठ्या दरवाजाच्या घरात असती, साडेतीन-चार फूट उंच किंवा गोलाकार हवी असती, किंवा तिला तळातून पाच-सहा भोकं लागणार असती, तर अ‍ॅक्रिलिक घ्यावं असंच मत दिलं असतं. उंची वाढते तशी काचेची जाडी आणि वजन झपाट्याने वाढतं आणि घरात हाताळणं अवघड होतं. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर जो बोगदा आला तो अ‍ॅक्रिलिकचा होता, आणि तसा वाकवलेला आकार काचेत करायला कोणी धजणार नाही. समुद्री टाकी असेल तर मात्र पुन्हा काचच: गुलाबी चुनखडी शेवाळ भिंतीला दगडासारखं धरतं, ते पात्याशिवाय निघत नाही, आणि सी अर्चिन अ‍ॅक्रिलिक कुरतडतो.

या टाकीसाठी आजोबांच्या हाती दोन सूचना दिल्या आहेत. मॅग्नेट क्लीनर (काचेच्या आत-बाहेर चुंबकाने सरकणारा पुसणा) वाळूच्या दोन इंच वरपर्यंतच आणायचा, त्याखाली कार्ड वापरायचं, कारण मॅग्नेटमध्ये एक खडा अडकला की काचेवरही कायमची रेघ उठते. आणि पातं कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून बोटभर लांब ठेवायचं. तिथलं शेवाळ जुन्या मऊ टूथब्रशने काढायचं.